जिभेला हाड नसते

आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि दोन्ही मँचेस्टर युनायटेडचे! चिरंजीव आणि पुतण्या, दोघेही त्या इंग्रज फुटबॉल संघाचे निस्सीम भक्त. सामना संपला की यांचा सामना सुरू! मी पडलो मराठीचा प्राध्यापक. चेंडूशी माझा संबंध शाळेतच संपला. पण यंदा श्रावणातल्या एका रात्री त्यांचा वाद असा रंगला, की मला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला ठेवावा लागला.

विषय तसा जुना. सर अॅलेक्स फर्ग्युसन हे १९८६ पासून २०१३ पर्यंत या संघाचे प्रशिक्षक. निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र निघाले आणि त्यात त्यांनी आपल्याच माजी कर्णधारावर, रॉय कीनवर, कडक टीका केली. कीनच्या देहातला सर्वांत कठीण अवयव म्हणजे त्याची जीभ, असा त्यांचा अभिप्राय. जिभेला हाड नसते, असे आपण म्हणतो. फर्ग्युसनसाहेबांना नेमके तिथेच हाड लागले!

"बरोबरच लिहिलं त्यांनी," चिरंजीव म्हणाले. "२००५ साली मिडल्सब्रोकडून संघ ४-१ असा हरला. तेव्हा कीननं क्लबच्याच वाहिनीच्या मुलाखतीत सोबत्यांचे वाभाडे काढले. ती मुलाखत दाखवलीसुद्धा नाही. कर्णधारानं घरातलं भांडण चव्हाट्यावर आणायचं का?"

"आणि प्रशिक्षकानं आणलं तर चालतं?" पुतण्या उसळला. "कीननं निदान खेळात असताना सांगितलं. यांनी आठ वर्षांनी पुस्तकात लिहिलं! १९९९ सालचं ट्यूरिन विसरलास वाटतं?"

ट्यूरिनची हकीकत मग मलाही ऐकवण्यात आली. युरोपीय स्पर्धेचा उपांत्य सामना. प्रतिस्पर्धी युव्हेंटस. अकरा मिनिटांत संघ दोन गोलांनी मागे. कीनने डोक्याने गोल करून पहिली परतफेड केली. थोड्याच वेळात त्याला पिवळे कार्ड मिळाले. म्हणजे संघ जिंकला तरी अंतिम सामना याच्या नशिबी नाही. तरीही तो गडी जीव तोडून खेळला आणि संघ ३-२ असा जिंकला. त्याच वर्षी निघालेल्या आपल्या पहिल्या आत्मचरित्रात फर्ग्युसन यांनी त्या खेळाची तोंड भरून स्तुती केली होती.

"ज्या स्वभावाची तेव्हा आरती केली, त्यालाच आता दोष!" पुतण्या म्हणाला. "दुसऱ्याची ढिलाई कीनला कधीच खपली नाही. ती जीभ सोबत्यांवर चालली तोवर गोड. साहेबांवर उलटली तेव्हा कडू!"

"अरे, पण संघापेक्षा कोणी मोठा नसतो," चिरंजीव सोडायला तयार नव्हते. "आणि कीन तरी कुठं गप्प बसला? साहेबांना निष्ठा म्हणजे काय हेच कळत नाही, असं म्हणालाच की!"

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. एवढ्यात पुतण्या माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही शिक्षक. तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर?"

मी चष्मा पुसत बसलो.

माझाही एक विद्यार्थी होता. वर्गात उभा राहून मला बिनदिक्कत अडवायचा. त्याचे मला केवढे कौतुक! पाहुण्यांना मुद्दाम सांगत असे, "असा विद्यार्थी भाग्याने मिळतो." पुढे एका परिसंवादात त्याने माझ्या संपादनातल्या चुका चारचौघांत दाखवल्या. चुका खऱ्या होत्या. वर्षभराने एका महाविद्यालयातून त्याच्याविषयी विचारणा झाली. मी एवढेच म्हणालो, "हुशार आहे, पण जीभ जरा तिखट आहे." ती जागा त्याला मिळाली नाही. माझ्याच शब्दाने गेली की काय, हे मी कधी विचारले नाही; विचारण्याचा धीर झाला नाही.

कीनला प्रत्युत्तर द्यायला दूरचित्रवाणी होती. २०१४ साली त्याचे स्वतःचे पुस्तकही निघाले. माझ्या विद्यार्थ्याला मी काय बोललो, हेसुद्धा ठाऊक नाही.

"सांगा ना, काका!"

"ट्यूरिनची ती जीभ आणि ही जीभ एकच," मी म्हणालो, "हे गुरूने विसरू नये."

पुतण्याने विजयाने टाळी वाजवली. चिरंजीव रुसले. मी उठून टेबलाशी गेलो आणि त्या विद्यार्थ्याचा जुना पत्ता शोधू लागलो.