मतदानाची सक्ती : कोणाची आणि कोणावर?

निवडणूक आली की पुण्याच्या पांढरपेशा वर्गातून एक मागणी हमखास उठते : मतदान सक्तीचे करा. २०१९ च्या लोकसभेला पुणे मतदारसंघात निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिले, तेव्हा ती अधिकच मोठ्याने उठली. ही मागणी एकदा स्वारगेटच्या एस.टी. स्थानकात उभे राहून तपासावी.

येथे उतरणारा बिगारी, वॉचमन, धुणीभांडी करणारी बाई यांचे नाव मतदारयादीत असते गावाला आणि पोट असते पुण्यात. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १३५-ब कलम मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देते, रोजंदारीवाल्यालाही देते. पण मजूर अड्ड्यावर रोज नवा मालक शोधणाऱ्याने ती मागायची कोणाकडे? जाण्यायेण्यात दोन रोज बुडतात, तिकीट वेगळे. २० नोव्हेंबर २०२४ चे विधानसभेचे मतदान तर ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या हंगामातच आले. सैनिकाला टपाली मत आहे, बिगाऱ्याला नाही. सक्ती झाली तर दंडाची पावती पहिली याच्याच नावाने फाटेल. 'मग नाव इकडे नोंदवा' असे सांगणे सोपे आहे. पत्र्याच्या शेडमधल्या माणसाला रहिवासाचा पुरावा कोण देतो?

मतासाठी आपल्याला कोणी ढकलावे लागले नाही. मत मालमत्तेला आणि कराला बांधलेले होते, तेव्हा बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि ऑक्टोबर १९२८ मध्ये याच पुण्यात सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. पुढे १९५१ साली लोकप्रतिनिधित्व विधेयकाच्या चर्चेत सक्तीची सूचना आली, ती त्यांनी व्यवहारातील अडचणी दाखवून नाकारली.

सक्तीचे समर्थक ऑस्ट्रेलियाचा दाखला देतात. तेथे १९२४ पासून सक्ती आहे. मात्र सर्व आदिवासींना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळाला १९६२ मध्ये, आणि इतरांसारखी सक्तीची नोंदणी त्यांना लागू झाली १९८४ मध्ये. म्हणजे सक्तीने टक्का वाढला तो यादीत घेतलेल्यांचा. गुजरात विधानसभेने स्थानिक निवडणुकांसाठी असा कायदा २००९ मध्ये केला. २०१४ मध्ये राज्यपालांची संमती मिळाली आणि २०१५ मध्ये हायकोर्टाने स्थगिती दिली. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात सक्ती नको म्हटले. आपल्या कायद्याचे ७९ वे कलम तर मत न देणे हाही मतदाराचा हक्कच मानते. गावकीने बहिष्कार टाकलेल्या वस्तीला आपली नाराजी दाखवायला हाही हक्क लागतो.

आता सरकारकडे वळू. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची. नळाचे किंवा संडासाचे गाऱ्हाणे घेऊन जावे तर वस्तीला नगरसेवकच नव्हता. मतदार तयार होता, निवडणूक नव्हती. याचा दंड कोणी भरला? स्थलांतरितांना राहत्या गावी मत देता यावे म्हणून निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव आणला. पक्षांनी हरकती घेतल्या आणि २०२४ ची लोकसभा त्याशिवायच पार पडली. चळवळीने आधी मागायचे ते हे : मजुराचे मत मजुराच्या मुक्कामी, आणि निवडणूक मुदतीत.