पुण्यात घर भाड्याने घेताय? धंद्याचा पहिला कागद तोच आहे!



आपल्या लोहाऱ्यात खोली असो की दुकानाचा गाळा, बोलणी ओट्यावर बसून होतात. मालक ओळखीचा, त्याचे पाहुणे आपल्याही पाहुण्यांतले. पण धंदा वाढवायला तुम्ही पुण्याला निघालात, हडपसर, मांजरी नाहीतर भोसरीला घर बघायला लागलात, की तिथे ओळख चालत नाही. तिथे कागद चालतो.

समजा, तुम्हाला शेंगा चटणी आणि कडक भाकरी पुण्यात विकायची आहे. राहणं आणि पॅकिंग एकाच घरात केलं तर गाळ्याचं भाडं वाचतं. हिशेब बरोबर आहे. घर पसंत पडतं. एजंट म्हणतो, "आजच टोकन टाका, उद्या राहील याची गॅरंटी नाही." तुम्ही तिथंच फोनवरून पैसे पाठवता. नंतर करार हातात येतो आणि त्यात ओळ असते, 'जागेचा वापर फक्त राहण्यासाठी करावा.' झालं! आता चटणी करायची कुठं?

खाण्याचा माल विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि ती जागेच्या पत्त्यावर होते. मोठ्या दुकानदाराला माल द्यायचा म्हणून जीएसटी नंबर घ्यायचं ठरवलंत, तर भाडेकरार लागतो आणि सोबत मालकाच्या मालकीचा एक पुरावा, म्हणजे लाईट बिल किंवा घरपट्टीची पावती. जीएसटी खात्याच्या १७ एप्रिल २०२५ च्या सूचनेनुसार करार नोंदणीकृत असेल तर मालकाचं ओळखपत्र मागायचं नाही. नोंदणी नसेल तर तेही जोडावं लागतं. मग ऐन वेळी मालकाच्या मागं फिरा.

आता बरेच जण म्हणतात, "सर, अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला? नोटरी केलीय की." हा गैरसमज आहे बघा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, असं १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. अकरा महिन्यांची सवय तिथून पडली. पण आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकावर आहे. त्याने ती केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाशी भांडायला हे सांगत नाही. "कायद्याने तुमचीही सोय त्यातच आहे," एवढं त्यांना शांतपणे सांगता यावं, म्हणून सांगतोय.

खर्च किती? भाडं १२,००० आणि डिपॉझिट ५०,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,०००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते साधारण ४,५८३. एकूण १,३६,५८३ वर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. करून देणारा आपली मजुरी वेगळी घेईल. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो. पन्नास हजारांच्या डिपॉझिटसमोर हा खर्च काहीच नाही.

आता भांडवलाकडे बघा. डिपॉझिट ५०,०००, पहिलं भाडं १२,००० आणि एजंटने एका महिन्याचं भाडं घेतलं तर आणखी १२,०००. झाले ७४,०००. दोन लाख घेऊन निघालात तर मसाला विकत घ्यायच्या आधीच तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा अडकला. त्यातले पन्नास हजार तुमचेच आहेत, पण परत कधी आणि किती कापून मिळणार, हे लिहिलेलं असेल तरच ते हक्काने मागता येतात. रंगकामाचे किती कापणार, चावी दिल्यावर किती दिवसांत परत करणार, मुदतीआधी घर सोडलं तर काय, हे तिन्ही आकड्यांत लिहून घ्या.

आणि वापराची ओळ. टोकन देण्याआधी मालकाला खरं सांगा, "आम्ही घरीच चटणी करून पॅक करणार." वास, मिक्सरचा आवाज, टेम्पो कुठं थांबणार, हे तेच विचारतील. उत्तर तयार ठेवा. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही भेटा. मालक 'हो' म्हणाले तर करारात एवढं घाला: 'सदर जागेत राहण्यासोबत घरगुती स्वरूपात खाद्यपदार्थ तयार करून पॅकिंग करण्यास व त्यासाठी लागणाऱ्या नोंदण्या या पत्त्यावर घेण्यास मालकाची हरकत नाही.' 'नाही' म्हणाले तर राग नको, दुसरं घर बघा. लपवून सुरू केलेला धंदा पहिल्याच तक्रारीत बंद पडतो, आणि गिऱ्हाईक जमल्यावर पत्ता बदलणं लय महागात पडतं.

शेवटची एक गोष्ट. करार संपायची तारीख मोबाईलमध्ये दोन महिने आधीच्या अलार्मसह टाका. 'लिव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याइतकी भरपाई द्यायची वेळ येऊ शकते.

तेव्हा या आठवड्यात घर बघायला जाणार असाल, तर आधी एजंटकडून कराराचा मसुदा व्हॉट्सअॅपवर मागवा. तो वाचा, वापराची ओळ शोधा, आणि मगच टोकन टाका.