डिजिटल सही: कोणाला लागते, कशी काढायची आणि टोकन कोणाकडे ठेवायचं



माझ्या दुकानात आठवड्यातून एक-दोन जण तरी येतात आणि म्हणतात, "सर, डिजिटल सही काढायची आहे." मी विचारतो, "कशासाठी?" निम्म्या लोकांकडे याचं उत्तर नसतं. कोणीतरी सांगितलेलं असतं, की धंदा करायचा म्हणजे डीएससी लागतेच. आज हाच विषय जरा नीट बघू.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कोऱ्या कागदावर सही केली, मोबाईलने फोटो काढला आणि तो पीडीएफवर चिकटवला, तर ती डिजिटल सही होत नाही. तो नुसता सहीचा फोटो. कोणीही उचलून दुसऱ्या कागदावर लावू शकतो.

खऱ्या डिजिटल सहीमागे दोन किल्ल्यांची जोडी असते. एक खासगी किल्ली, जी फक्त तुमच्याकडे राहते. दुसरी सार्वजनिक, जी सगळ्यांना दिसली तरी चालते. तुम्ही एखाद्या पीडीएफवर सही करता तेव्हा सॉफ्टवेअर त्या फाइलचा एक छोटा गणिती ठसा काढतं आणि तो तुमच्या खासगी किल्लीने बंद करतं. समोरचा तो सार्वजनिक किल्लीने तपासतो. मधे कोणी रकमेतला एक शून्य जरी वाढवला, तरी ठसा जुळत नाही आणि सही फसते. म्हणजे कागद बदलला गेला की पकडला जातो. शाईच्या सहीला हे जमत नाही.

पण ही किल्ली तुमचीच आहे हे कोण सांगणार? त्यासाठी सर्टिफिकेट. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 प्रमाणे केंद्र सरकारचं एक कार्यालय आहे, कंट्रोलर ऑफ सर्टिफायिंग अथॉरिटीज, थोडक्यात सीसीए. ते काही संस्थांना परवाना देतं. ई-मुद्रा, कॅप्रिकॉर्न ही त्यातली काही नावं, पूर्ण यादी सीसीएच्या वेबसाइटवर आहे. या संस्था तुमची ओळख तपासतात आणि सर्टिफिकेट देतात. (सर्टिफायिंग अथॉरिटीलाही लोक 'सीए'च म्हणतात आणि आपल्या चार्टर्ड अकाउंटंटलाही. फोनवर बोलताना यातून फार गोंधळ होतो. खाली मी 'सीए' म्हटलं की तो अकाउंटंटच.)

तुम्ही डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफवर प्रश्नचिन्ह पाहिलं असेल. पुष्कळ जणांना वाटतं आधार खोटं आहे. तसं नसतं. तुमच्या कॉम्प्युटरमधल्या रीडरला सीसीएची ओळख करून दिलेली नसते, एवढंच. सही व्हॅलिडेट करून सीसीए इंडियाला विश्वासू म्हणून नोंदवलं, की हिरवी खूण येते.

आता मुद्द्याचं. तुम्हाला ती लागते का? तुम्ही एकट्याच्या नावावर दुकान, गिरणी, टेलरिंग, मसाला, असं काही सुरू करताय, तर बहुतेक वेळा नाही. उद्यम नोंदणी आधारच्या ओटीपीवर होते आणि तीही फुकट. शॉप अॅक्टला लागत नाही. खाद्यपदार्थांच्या बेसिक एफएसएसएआय नोंदणीला लागत नाही. प्रोप्रायटर असाल तर जीएसटीचं काम ओटीपीवर भागतं. एक्स्पोर्टचा आयईसी काढायचा असला तरी आधार ई-साइन चालते. तेव्हा 'पॅकेज'मध्ये कोणी डीएससीचे पैसे लावत असेल, तर कशासाठी ते विचारा. संकोच करू नका.

लागते कोणाला? प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपी काढणाऱ्यांना, कारण तिथे नोंदणीचा अर्जच डिजिटल सहीने जातो आणि पुढे जीएसटी, इन्कम टॅक्स, वार्षिक फॉर्म सगळीकडे ती लागत राहते. आणि सरकारी टेंडर भरणाऱ्यांना. महाटेंडर्सवर लॉगिन करायचं तरी टोकन हातात हवं. झेडपीला फर्निचर पुरवायचं आहे, नगरपालिकेचं साफसफाईचं काम घ्यायचं आहे, मग एकटे प्रोप्रायटर असलात तरी डीएससी काढा.

काढताना काय सांगायचं? क्लास-3. जुन्या माहितीत क्लास-2 लिहिलेलं दिसेल, पण 1 जानेवारी 2021 पासून ते देणं बंद झालं आहे. टेंडर भरणार असाल तर सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेला कॉम्बो लागतो का, हे त्या पोर्टलच्या सूचनांमध्ये बघून मगच पैसे भरा. नुसती सहीची घेतली आणि नंतर कळलं, तर पुन्हा खर्च. व्यक्तीच्या नावाने आणि संस्थेच्या नावाने असे दोन प्रकार असतात. दुसऱ्यात फर्मचं नाव येतं, म्हणून फर्मची कागदपत्रंही लागतात. मुदत 1, 2 किंवा 3 वर्षं. किमतीला सरकारी दर नाही, म्हणून चार ठिकाणी विचारा, आणि विचारताना टोकन, 18 टक्के जीएसटी आणि कुरिअर धरून किती, असं विचारा. स्वस्त जाहिरातीत टोकन धरलेलंच नसतं.

अर्ज ऑनलाइन होतो. पॅन, आधार, मोबाईल आणि ईमेलचे ओटीपी, आणि छोटा व्हिडिओ. व्हिडिओत तुम्ही स्वतः दिसायला हवं, ओरिजिनल कार्ड हातात धरून. पॅन आणि आधारवर नाव वेगवेगळं असेल, एकावर वडिलांचं नाव आहे आणि एकावर नाही, किंवा लग्नानंतर आडनाव बदललंय, तर अर्ज तिथेच अडकतो. ते आधी दुरुस्त करा. आणि जीएसटीसाठी सर्टिफिकेटमध्ये सही करणाऱ्याचा स्वतःचा पॅन असावा लागतो, कंपनीचा नाही. मंजुरी आली की सर्टिफिकेट पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये डाउनलोड करायचं. दिसतं पेनड्राइव्हसारखं, पण पेनड्राइव्ह नव्हे. आतली खासगी किल्ली कॉपी होऊन बाहेर येत नाही. टोकनसोबत कंपनीचा ठरलेला पासवर्ड येतो, तो पहिल्याच दिवशी बदला. ठरावीक वेळा चुकीचा टाकला की टोकन लॉक होतं.

इथपर्यंतचं काम कोणीही करून देईल. खरी अडचण यानंतर सुरू होते. डाउनलोड झाल्यावर टोकन जातं कुठे? बहुतेकांचं सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये. वर चिठ्ठी चिकटवलेली, चिठ्ठीवर नाव आणि पासवर्ड. मी अशी ऑफिसं पाहिली आहेत, एका डब्यात पन्नास-साठ टोकन.

सीए लोक लबाड असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. सोयीसाठी चालतं हे. पण सह्या केलेलं कोरं चेकबुक तुम्ही कोणाकडे ठेवाल का? कायद्याने खासगी किल्ली ताब्यात ठेवायची काळजी तुमच्यावर आहे. सुरक्षित डिजिटल सही झाली असेल, तर ती तुम्हीच आणि जाणूनबुजून केली, असं न्यायालय सुरुवातीला धरून चालतं. नाही म्हणायचं तर ते तुम्ही दाखवायचं. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरणाऱ्याला कलम 66क खाली 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे, पण तुम्हीच टोकन आणि पासवर्ड हातात दिलात, तर लबाडी सिद्ध करणं किती अवघड, विचार करा. कंपनीत भागीदारांचं फाटलं की हे सगळ्यात आधी बाहेर येतं: "मी या फॉर्मवर सही केलीच नाही."

आणि भांडण नसलं तरी अडतं. माझ्या बॅचमधल्या एका ताईंना कॅन्टीनचं टेंडर भरायचं होतं, शेवटची वेळ संध्याकाळी 5. टोकन सल्लागाराच्या ऑफिसात, ऑफिसला कुलूप, साहेब गावी लग्नाला. टेंडर गेलं.

मग कामं कशी करायची? सीएला फॉर्म तयार करू द्या. पीडीएफ किंवा प्रिव्ह्यू तुमच्याकडे मागवा, आकडे वाचा, मग टोकन घेऊन ऑफिसात जा आणि पासवर्ड स्वतः टाका. लांब असाल तर टोकन तुमच्या कॉम्प्युटरला लावा आणि सीए स्क्रीन शेअर करून मदत करेल. महिन्यातून पंधरा मिनिटं जातील. काही जण तोंड वाकडं करतील. करू देत. आज टोकन दुसऱ्याकडे असेल, तर या आठवड्यात जाऊन घेऊन या आणि पासवर्ड बदला.

टोकन हरवलं किंवा कोणाच्या हाती लागल्याची शंका आली, तर ज्या संस्थेने सर्टिफिकेट दिलं तिला लगेच कळवून ते रद्द करून घ्या. मुदत संपायच्या तारखेआधी महिनाभराचं रिमाइंडर मोबाईलमध्ये आत्ताच लावा. रिन्यूअल म्हणतात खरं, पण प्रत्यक्षात नवीन सर्टिफिकेट मिळतं आणि ते प्रत्येक पोर्टलवर पुन्हा नोंदवावं लागतं. टेंडरच्या आदल्या रात्री हे करायला बसू नका.