कोसंबरीत मीठ शेवटी का?

अन्न टिकवायचं कसं, या प्रश्नाचा म्हैसूरइतका पिच्छा पुरवणारी शहरं भारतात फार नाहीत. राजघराण्यातल्या कन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा मॅन्शनमध्ये १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळांना पचेल अशी भुकटी करण्याची पद्धत इथेच बसवली गेली आणि पुढे 'अमूल'नं ती घरोघरी नेली. १९६१ साली संरक्षण खात्याची अन्न प्रयोगशाळाही याच गावात आली आणि सीमेवरच्या जवानांच्या पाकीटबंद जेवणावर काम करू लागली. अशा शहराचा उन्हाळ्यातला लाडका पदार्थ मात्र तासभरही धड टिकत नाही.

तो पदार्थ म्हणजे कोसंबरी. रामनवमीला म्हैसुरात जागोजागी पानक, नीर मज्जिगे आणि कोसंबरी वाटतात. पानक म्हणजे गूळ, सुंठ आणि वेलची घातलेलं पाणी. नीर मज्जिगे म्हणजे मिरची-कोथिंबीर लावलेलं पातळ ताक. कोसंबरीत भिजवलेली मुगाची डाळ, बारीक चिरलेली काकडी, ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू आणि वरून मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी. कैऱ्या आल्या असतील तर लिंबाऐवजी कैरीचा कीस. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही, कारण याच चैत्रात आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हं असतं. तिकडे मुगाची डाळ, इकडे हरभऱ्याची. पण दोन्हीकडे डाळ कच्ची. आमटीची डाळ जरा बोटचेपी राहिली तर कुकर पुन्हा गॅसवर चढवणारे आपण, ही डाळ चुलीकडे न नेताच खातो. ते आपल्याला बाधत का नाही?

डाळ भिजते तेव्हा काय होतं ते आधी पाहू. मुगाच्या डाळीचं साल गिरणीतच निघालेलं असतं, त्यामुळे पाणी आत शिरायला अडथळा नसतो. तास-दीड तासात डाळ जवळजवळ आपल्या वजनाइतकं पाणी पिते आणि नखानं तुटू लागते. हरभऱ्याची डाळ जाड आणि घट्ट, तिला तीन-चार तास लागतात. मात्र ही डाळ मऊ झाली तरी शिजलेली नसते. स्टार्चचे कण फुगून फुटायला साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि नळाच्या पाण्यात ते कधीच मिळत नाही. म्हणून कोसंबरीतली डाळ दाताखाली कुरकुरते. न फुटलेल्या या कणांवर आपल्या पाचकरसांचा अंमल नीट चालत नाही. त्यातला बराच भाग तसाच मोठ्या आतड्यापर्यंत जातो आणि तिथल्या जिवाणूंच्या वाट्याला येतो.

त्या जिवाणूंसाठी आणखी एक खाऊ डाळीत असतो. रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बास्कोज या शर्करा तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. भिजवताना यांतला काही भाग पाण्यात उतरतो, म्हणून भिजवणीचं पाणी ओतून द्यावं. ते 'पौष्टिक' म्हणून पिठात घालण्याचा सल्ला अधूनमधून कानावर येतो. कच्च्या डाळीपुरता तरी तो ऐकू नये.

याहून जास्त रंजक भानगड प्रथिनांची आहे, आणि तिथे एका मराठी बाईंचं नाव घ्यावंच लागतं. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकायला गेली. संस्था तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात, महाराजांनी दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर उभी. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला; कमलाबाई हटल्या नाहीत आणि अखेर आत गेल्या. तिथे त्यांनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या, आणि पुढे डॉ. कमला सोहोनी म्हणून मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पुन्हा कडधान्यांकडे वळल्या.

त्यांना खुणावत होती ती डाळींमधली ट्रिप्सिन रोधकं. ट्रिप्सिन हे आपल्या लहान आतड्यात प्रथिनं तोडणारं विकर. दाण्यातलं रोधक त्याला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम थांबवतं. झाडाच्या बाजूनं बघितलं तर ही किडींपासून बी वाचवण्याची सोय आहे: जो दाणा खाईल त्याला तो पचता कामा नये. १९५५ साली सोहोनी आणि त्यांचे सहकारी अंबे यांनी वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांतली ही रोधकं स्फटिकरूपात वेगळी केल्याचं 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. यातला वाल म्हणजेच म्हैसूरकरांची अवरेकाई. थंडीत तिथे अवरेकाईवर उड्या पडतात, भिजवून साल काढलेल्या दाण्यांचं सारू घरोघर होतं. ते आपल्या बिरड्याचं तिकडचं भावंडच. पण बिरडं असो की सारू, वाल शिजवल्याशिवाय पानात येत नाही. रोधक हे स्वतः प्रथिन असल्यामुळे उकळत्या पाण्यात त्याची घडी मोडते आणि ते निकामी होतं.

राजम्याची गोष्ट तर आणखी गंभीर. त्यातलं लेक्टिन आतड्याच्या अस्तराला चिकटतं, आणि चार-पाच कच्चे दाणेही उलट्या सुरू करायला पुरतात. सोललेल्या मुगात ही दोन्ही अस्त्रं पुष्कळच बोथट आहेत. सोयाबीनच्या मानानं त्यातली रोधकं फार कमी, आणि खाल्ली जाते तीही दोन-चार चमचेच. कच्ची खायला मुगाची डाळ निवडणाऱ्यांना ट्रिप्सिन ठाऊक नव्हतं. पोट कशानं दुखतं हे मात्र पक्कं ठाऊक होतं. तेव्हा 'हाय प्रोटीन' म्हणून कोसंबरीचं मोठं भांडं एकट्यानं संपवू नये.

आता काकडी. तिच्यात सुमारे ९५ टक्के पाणी. अख्ख्या काकडीला जवळजवळ वास नसतो. सुरी लागली की पेशी फुटतात, आतली विकरं तिथल्या मेदाम्लांना भेटतात आणि काही सेकंदांत तो ओळखीचा हिरवा वास तयार होतो. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्याचा, तो देठाकडे जास्त. टोक कापून त्यावर गोल घासल्यानं येणाऱ्या फेसाला आपण कडू उतरलं असं समजतो, पण खरा उपयोग टोक कापून टाकण्याचा. चाखून बघताना काकडी जहर कडू लागली तर ती अख्खीच फेकावी. मीठ-लिंबू लावून सावरायला जाऊ नये.

चिरलेल्या काकडीवर मीठ पडलं की परासरण सुरू होतं. बाहेरचं पाणी खारट, पेशीतलं त्या मानानं गोडं. पातळ पडद्यातून पाणी खारटाकडे धावतं. पेशींचा ताठा जातो, फोडी लुळ्या पडतात आणि दहा-पंधरा मिनिटांत वाडग्याच्या तळाशी पाणी जमतं. साखरही हेच करते. किसलेल्या काकडीच्या पेशी आधीच फाटलेल्या, तिला तर मिठाचीही वाट बघावी लागत नाही. खमंग काकडी करणाऱ्या आपल्या बायका काकडी किसत नाहीत, चोचवतात, ते याचसाठी. म्हैसूरकर ती बारीक चिरतात. फोडणीचं तेल आणि खोबऱ्यातली चरबी फोडींवर पातळ थर धरते आणि मिठाला थोडं थोपवते, म्हणून आधी फोडणी, मग लिंबू, आणि मीठ अगदी वाढताना.

फोडणीतल्या मोहरीबद्दल थोडं. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन आणि मायरोसिनेज हे विकर वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. दाणा पाण्याबरोबर फेसला की दोघांची गाठ पडते आणि नाकात झिणझिण्या आणणारं उडनशील तेल तयार होतं. गरम तेलात मात्र दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन तो तडतडतो आणि विकर मरतं, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, झणझणीत नाही. आपल्याकडे कोशिंबिरीत दोन्ही तऱ्हा चालतात. कोसंबरीला फोडणीच हवी, कारण फेसलेल्या मोहरीपुढे मुगाची डाळ बिचारी चवीला उरतच नाही. लिंबू आंबटपणाबरोबर क जीवनसत्त्वही देतं आणि डाळीतलं लोह रक्तात शिरायला मदत करतं.

कोसंबरीनं थंड वाटतं ते कशामुळे? गणित सोपं आहे. २५ अंशांवरची १०० ग्रॅम काकडी पोटात जाऊन ३७ अंशांवर येईपर्यंत शरीराची जेमतेम सव्वा किलोकॅलरी उष्णता घेते. फ्रिजमधली असली तरी फार तर तीन. पण तिच्यातलं ९५ ग्रॅम पाणी घाम होऊन कातडीवर वाळलं, तर ते सुमारे ५५ किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. म्हणजे गारवा काकडीच्या थंडपणात नाही, तिच्या पाण्यात आहे. मिरचीही घाम आणून या कामाला हातभार लावते.

हल्ली अंगणात बार्बेक्यूची शेगडी पेटवून पाहुण्यांना जेवू घालण्याची हौस वाढली आहे. त्या तेलकट, धुरकट खाण्याशेजारी मेयोनीज माखलेलं सॅलड ठेवण्यापेक्षा कोसंबरी शतपट बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त कच्ची कोंबडी कापलेल्या पाटावर, त्याच सुरीनं काकडी चिरू नका. कोंबडी विस्तवावर जाणार असते, काकडी नाही. तिच्यावर बसलेले जिवाणू थेट पोटात जातात. डाळीला मोड आणून ती आणखी 'हेल्दी' करायचा मोहही सांभाळून. ओलावा आणि ऊब मिळालेल्या मोडांत जिवाणूही तितक्याच उत्साहानं वाढतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली, जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासांहून अधिक दगावले. मोड कोसंबरीत घालायचेच असतील तर आधी वाफवून घ्या.

चौघांसाठी अर्धी वाटी डाळ पुरे. ती दीड तास, फार तर दोन तास भिजवा, उन्हाळ्यात रात्रभर नको. पाणी काढून टाका, स्वच्छ पाण्यानं धुऊन निथळत ठेवा. काकडी, खोबरं, कोथिंबीर मिसळून झाकून फ्रिजमध्ये ठेवता येईल. फोडणी आणि लिंबू पाहुणे हात धुवायला उठले की, आणि मीठ पानं मांडल्यावर. उरेल इतकी करूच नका, आणि उरलीच तर रात्रीसाठी ठेवू नका.