निकालाचा धडा

रायपूरच्या गोलबाजारासारख्या जुन्या पेठेत सुटे तेल घेताना दुकानदार प्रथम रिकाम्या भांड्याचा धडा करीत असे आणि मगच तेल तोलीत असे. भांड्याचा भार वजा न करता घेतलेल्या तेलाचा हिशेब कोणतीही गृहिणी मान्य करणार नाही. परंतु मुलीला नववीत कोणत्या शाळेत घालावे, हे ठरविताना तीच गृहिणी निकालाची टक्केवारी मात्र धडा न करताच स्वीकारते!

1877 मध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंद, बालपणी रायपूरला आले. तेव्हा तेथे योग्य शाळा नसल्याने ते घरीच वडिलांपाशी शिकले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आज शहरात शाळांची वाण नाही. अडचण आहे ती निवडीची.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका शाळेतून 40 मुले दहावीला बसली आणि 38 उत्तीर्ण झाली. निकाल 95 टक्के. दुसरीतून 200 बसली आणि 150 उत्तीर्ण झाली. निकाल 75 टक्के. पहिली शाळा सरस, असे कोणीही म्हणेल. आता नववीचा पट पाहा. पहिलीत 100 मुले होती, दुसरीत 210. म्हणजे नववीत आलेल्या दर शंभर मुलांमागे पहिलीने 38 मुले तडीस नेली, तर दुसरीने 71! कच्ची मुले नववीतच थोपविली, की निकाल आपोआप उजळतो.

दुसरा भार घरचा असतो. 2011 च्या जनगणनेनुसार छत्तीसगडमध्ये पुरुषांची साक्षरता सुमारे 80 टक्के होती, स्त्रियांची 60 टक्के. ज्या मुलाची आई अक्षरओळखीलाही मुकली, त्याने मिळविलेले 60 गुण आणि शिकवणी लावलेल्या मुलाचे 80 गुण एकाच मापाने मोजता येतील काय? अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी 1966 मध्ये सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. गुणांतील तफावतीमागे शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असतो, असे त्यांना आढळले.

2020 मध्ये छत्तीसगड शासनाने स्वामी आत्मानंद यांच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या. त्यांतील काही रायपुरातच आहेत. अशा शाळेत प्रवेश सोडतीने दिला, तरी मुळात अर्ज करणारे पालक बहुधा जागरूक असतात, हे शेजारच्या जुन्या शाळेशी तुलना करताना विसरू नये.

याचा अर्थ शिक्षकांची जबाबदारी संपली, असा मुळीच नाही. धडा केल्यावरही तेल कमी भरले, तर जाब विचारलाच पाहिजे. म्हणून शाळेत जाल तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारा : नववीत किती मुले होती? त्यांतील किती दहावीला बसली? सोडून गेलेल्यांत मुली किती? शाळेचा पट, मुलामुलींची आणि सामाजिक वर्गांची संख्या शासनाच्या 'यूडायस' नोंदींतही पाहावयास मिळते.

मोठ्या फलकावरील टक्केवारी पाहून एखाद्या कष्टाळू शाळेकडे पाठ फिरवू नका. आपल्या मुलीचे हित कदाचित तेथेच असेल.