राज्यकर्त्यांचा सल्लागार

“राज्यशास्त्र घेऊन पुढे काय करणार?” हा प्रश्न मला घरी, दारी, अगदी एस.टी. स्टँडवरही विचारला जातो. प्राध्यापकी किंवा स्पर्धा परीक्षा ही दोन उत्तरे लोकांना ठाऊक असतात. तिसरे उत्तर मला ग्रंथालयात सापडले. ते म्हणजे आर्थर लुईस.

वेस्ट इंडीजमधील सेंट लुशिया बेटावर १९१५ साली ते जन्मले. त्यांना इंजिनिअर व्हायचे होते. पण तेथे काळ्या माणसाला ती नोकरी देणार कोण? ते लंडनला गेले व अर्थशास्त्रज्ञ झाले. १९५३ साली गोल्ड कोस्टच्या औद्योगिकीकरणावर त्यांनी अहवाल लिहिला. अपेक्षा कारखान्यांची होती. त्यांनी मात्र सांगितले, आधी धान्याचे उत्पन्न वाढवा. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसेल तर कारखान्याचा माल खपणार कोठे? आणि शेतीतून माणसे मोकळी झाली नाहीत, तर यंत्रावर उभे कोण राहणार?

मार्च १९५७ मध्ये गोल्ड कोस्ट ‘घाना’ म्हणून स्वतंत्र झाला. पंतप्रधान न्क्रुमा यांनी लुईसना आर्थिक सल्लागार म्हणून बोलावले. परंतु विकास योजनेत प्रतिष्ठेच्या खर्चिक कामांना स्थान मिळू लागताच दोघांचे बिनसले. सल्लागाराचे बळ ते किती! निर्णयावर सही दुसऱ्याची असते. १९५८ च्या अखेरीस लुईस घाना सोडून गेले.

त्यांनी लेखणी मात्र सोडली नाही. १९६५ साली पश्चिम आफ्रिकेच्या राजकारणावरील पुस्तकात त्यांनी एकपक्षीय राजवटीवर टीका केली. अनेक जमातींच्या देशात बहुमतवाल्यांनीच सारी सत्ता घेतली, तर उरलेले कायमचे बाहेर राहतात. म्हणून प्रमाणशीर प्रतिनिधित्व, संमिश्र सरकार व संघराज्य हवे, हा त्यांचा आग्रह. घाना १९६४ सालीच एकपक्षीय झाला होता. १९६६ मध्ये लष्कराने न्क्रुमांना पदच्युत केले. पुढे १९९४ साली दक्षिण आफ्रिकेने याच धर्तीची तरतूद केली. ४०० पैकी किमान २० जागा मिळविणाऱ्या पक्षाला मंत्रिमंडळात वाटा मिळाला. लुईस तोवर हयात नव्हते. १९७९ चे नोबेल पारितोषिक मात्र त्यांना लाभले होते.

हा व्यवसाय मला खुणावतो खरा. पण मनात एक भीतीही आहे. सत्ताधाऱ्यापुढे अप्रिय आकडा मांडण्याची वेळ आली, तर माझी जीभ उचलेल का? वर्गात फळ्यावरचे चुकलेले साल सांगण्यासाठी हात वर करायला मला तीन तास लागले होते. सुरुवात तेथूनच करायला हवी.