दाताची कबर, खजिन्याची विहीर आणि भलत्याच गावचे धरण

दात पडला की आपण काय करतो? लहान मुलाचा असेल तर आजी तो उंदराच्या बिळात टाकायला सांगते. मोठ्या माणसाचा असेल तर तो दंतवैद्याच्या डब्यात जातो आणि पाठोपाठ बिल येते. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक वरंगळच्या मोहिमेवरून दौलताबादकडे परतत असताना बीडच्या मुक्कामी त्याचा एक दात पडला. सुलतानाचाच दात तो! मोठ्या इतमामाने त्याचे दफन झाले आणि वर चक्क कबर बांधली गेली. फरिश्ता या इतिहासकाराने ही हकीकत नोंदवून ठेवली आहे, आणि बीडजवळ करझणीच्या डोंगरावर ती कबर आजही दाखवतात. ज्या दातासाठी एवढे दगड रचले, त्याने आयुष्यात काय काय चावले होते, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

बीड म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे दुष्काळ, टँकर आणि दिवाळी आटोपताच बैलगाड्या जुंपून कारखान्यांकडे निघालेले ऊसतोड मजूर उभे राहतात. ते चित्र खोटे नाही. पण चमत्कारिक बांधकामांच्या बाबतीत हा जिल्हा चांगलाच श्रीमंत आहे. दाताच्या कबरीचा अपवाद सोडला तर या सगळ्या गोष्टी फिरून फिरून पाण्यापाशी येतात. ते साहजिकच आहे. सह्याद्रीने अडवून उरलेला पाऊस इथे येतो, तोही लहर लागली तर. अशा मुलखात पाण्यासाठी माणसे काय काय करून बसली, त्याची ही गोष्ट.

बीड शहरापासून सोलापूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे सहा किलोमीटरवर एक गोल, रुंद तोंडाची विहीर लागते. ती खजाना बावडी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. बांधणारा स्थापत्यविशारद होता राजा भास्कर. नावाची कथा लोक अशी सांगतात, की विहिरीच्या पायी सलाबतखानाने सरकारी वसुलीचा पैसा खर्चून टाकला. वरून विचारणा झाली, ‘खजिना कुठे आहे?’ तर याने उत्तर दिले, ‘विहिरीत आहे.’ कथा खरी असो वा नसो, आजच्या कुठल्याही हिशेबतपासनिसापुढे हे उत्तर टिकले नसते. (उलट आजकाल विहीर कागदावर सापडते आणि खजिना दुसरीकडेच, पण तो विषय निराळा.)

या विहिरीची ख्याती अशी, की तिचे पाणी पावसाळ्यात चढत नाही आणि उन्हाळ्यात उतरत नाही. भाविक मंडळी हात जोडतात. शाळेची सहल आली की गुरुजी ‘अक्षय झरा’ म्हणून सांगतात. यात दैवी भाग असेल तर तो राजा भास्कराच्या डोक्यात होता. विहिरीला तीन भुयारे आहेत. दोन भुयारांतून जमिनीखालचे पाणी आत येते, तिसऱ्यातून ते बाहेर पडून शहराच्या अंगाला असलेल्या बलगुजार भागातल्या शेतामळ्यांकडे जाते. घरी करून पाहता येईल असा हा प्रयोग आहे. एका बादलीला मध्यावर भोक पाडा आणि वरून नळ सोडा. नळ थोडा मोठा केला तर भोकातून धार जोरात पडेल, लहान केला तर बारीक होईल. बादलीतले पाणी मात्र भोकाच्या आसपासच राहील. खजाना बावडी ही अशी भोक पाडलेली बादली आहे. पाण्याची पातळी राखायला तिथे माणूस लागत नाही. जाणाऱ्या भुयाराचे तोंड कोणत्या उंचीवर ठेवायचे, हे ज्याने ठरवले त्याने ते काम चारशे वर्षांसाठी करून ठेवले.

सांगायला सोपे, पण करायला महाकठीण. भुयाराला उतार जास्त दिला तर पाणी धावत सुटते आणि तळ खरवडून काढते. कमी दिला तर गाळ बसून भुयार तुंबते. कोसभर अंतरात हाताच्या बोटांनी मोजावा एवढाच उतार राखायचा, तोही अंधारात, पणतीच्या उजेडात, डोक्यावर दगड-मातीचे छत घेऊन. अशा भुयारी कालव्यांना ठरावीक अंतरावर वरून उभी बिळे ठेवावी लागत. खोदताना त्यांतून माती वर काढायची, नंतर गाळ उपसायला तिथूनच उतरायचे. पुणेकरांना हा प्रकार नवा नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणले, त्या नळावरचे उच्छ्वास याच जातीचे. इराणमध्ये ही विद्या हजारो वर्षांची, आणि दख्खनच्या शाह्यांबरोबर ती इकडे रुजली. सगळा कारभार जमिनीखाली असल्यामुळे उन्हाला पाण्याचा थेंब पिता येत नाही. विजेचा खांब नको, मोट नको की बैल नको. पाणी आपल्या वजनाने आपली वाट चालते.

मात्र अशा विहिरीचे प्राण आसपासच्या भूजलात असतात. आज बीडच्या कुठल्याही रस्त्याला बोअर पाडणारी गाडी दिसतेच. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही तर चारशे, चारशेवर नाही तर सहाशे. शेजाऱ्याने खोल नेले म्हणून आपणही खोल नेतो आणि दोघेही मिळून त्याच एका घागरीला भोके पाडत असतो. जमिनीला भोक पाडण्याआधी खाली काय आहे याचा विचार केला नाही तर काय होते, याचा जगातला सर्वांत अचाट नमुना अमेरिकेत घडला. लुइझियाना राज्यातल्या पेन्योर नावाच्या तळ्यात 20 नोव्हेंबर 1980 रोजी एक तेल कंपनी भोक पाडत होती. तळे अवघे दहा-अकरा फूट खोल. भोक चौदा इंचांचे. आणि तळ्याखाली होती मिठाची खाण! हिशेबात कुठेतरी चूक झाली होती आणि भोक थेट खाणीत उतरले. मीठ विरघळत गेले, भोक वाढत गेले आणि बघता बघता सगळे तळे न्हाणीघराच्या मोरीतून जावे तसे गरगर फिरत पाताळात गेले. तेलाचा मनोरा गेला, अकरा तराफे गेले, काठावरची झाडे आणि जमीनही गेली. तळ्यातून समुद्राकडे जाणारा कालवा उलटा वाहू लागला आणि तळ्याच्या जागी काही दिवस मोठा धबधबा कोसळत राहिला. खाणीतले सगळे कामगार वेळेवर वर आले, एकही माणूस दगावला नाही, म्हणूनच आपण हे हसत वाचू शकतो. पुढे तळे भरले तेव्हा गिळलेल्या तराफ्यांपैकी नऊ बुचासारखे वर आले.

आपल्याकडे एवढा थाट नाही. आपली तळी धबधबा न करता, मुकाट्याने आटतात.

आता भलत्याच गावच्या धरणाकडे वळू. जायकवाडी हे नाव मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे, आणि मागे एकनाथमहाराजांच्या नावाचा नाथसागर. पैठणला जाऊन धरण पाहणाऱ्या माणसाने विचारावे, ‘इथे जायकवाडी गाव कुठे आहे हो?’ तर ते तिथे नाहीच. ते आहे बीड जिल्ह्यात, गोदावरीच्या खालच्या अंगाला, धरणापासून कोसच्या कोस दूर! झाले असे, की गोदावरीवर धरण बांधण्याची कल्पना मूळची हैदराबाद संस्थानच्या काळातली, आणि तेव्हा ठरलेली जागा जायकवाडीजवळ होती. पुढे महाराष्ट्र राज्य झाले. धरण नदीच्या वरच्या अंगाला नेले तर कालवे उंचावरून काढता येतील आणि जास्त जमीन भिजेल, असे अभियंत्यांनी सुचवले. मुद्दा बिनतोड होता. धरण सुमारे शंभर किलोमीटर वर सरकले आणि पैठणला गेले. नाव मात्र फाइलीवर राहिले ते राहिलेच. सरकारी दप्तरात नदी वळवता येते, नाव वळवणे सोपे नाही.

18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी उद्‌घाटन केले. एका गावाच्या वाट्याला दोन पंतप्रधान आले, पण गाव तिथे नव्हते! बीडला अगदीच कोरडे ठेवले असे नाही. पैठणचा उजवा कालवा बीड जिल्ह्यातून माजलगावपर्यंत येतो, आणि तिथे सिंदफणा नदीवर प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचे धरण झाले. पण जागा बदलण्याची एक किंमत होती. पैठणची भूमी सपाट, त्यामुळे नाथसागर खोल रांजणासारखा न होता परातीसारखा पसरट झाला. सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी मराठवाड्याच्या उन्हात उघडे पडलेले! शंभरावर गावे त्याखाली गेली. परातीतले पाणी किती वेगाने वाळते, हे अंगणात पक्ष्यांसाठी पाणी ठेवणाऱ्या कोणाही गृहिणीला विचारावे. राजा भास्कर जे पाणी उन्हापासून लपवत होता, ते आपण उन्हात पसरून ठेवले. उंच कालव्याचा लाभ खरा आणि वाळणाऱ्या पाण्याचा तोटाही खरा. अभियंत्याला दोन्हीतले एक निवडावेच लागते, हे मी त्यांच्या बाजूने कबूल करतो.

परळीच्या बाबतीत मात्र इतके उदार होता येत नाही. वैद्यनाथाच्या या गावी 1971 मध्ये औष्णिक वीज केंद्र सुरू झाले आणि पुढे ते वाढत गेले. औष्णिक केंद्र म्हणजे, सोपे करून सांगायचे तर, चहाचे अवाढव्य आधण. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचे आणि ती वाफ गार करून पुन्हा पाणी करायचे. या गार करण्यालाच खरे पाणी लागते. त्या भल्या थोरल्या मनोऱ्यांतून जो पांढरा ढग निघताना दिसतो तो धूर नसतो, आकाशात चाललेले पाणी असते. म्हणजे पाण्याला महाग असलेल्या जिल्ह्यात आपण पाणी उडवून देणारे यंत्र बसवले. कोळसा दुरून रेल्वेने आणला. पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून, आणि त्यासाठी भरवसा वरच्या धरणांवर.

फेब्रुवारी 2013 मध्ये माजलगाव धरणात सोडण्याजोगे पाणी उरले नाही आणि परळीचे सगळे संच एकापाठोपाठ थांबले. 1130 मेगावॅटचे केंद्र! कोळसा होता, माणसे होती, यंत्रे धडधाकट होती, चुलीवर ठेवायला आधण तेवढे नव्हते. 2015 मध्ये पुन्हा तीच पाळी आली. केंद्र बंद पडले की केवळ वीज जात नाही. राखेच्या विटा करणारा, कोळसा उतरवणारा, कंत्राटी मजूर, फाटकासमोरचा चहावाला, सगळ्यांचे आधण उतरते. खजाना बावडी बांधणाऱ्याने आधी पाण्याला वाट विचारली आणि मग दगड रचले. परळीत आधी यंत्र बसवले आणि मग पाणी शोधायला निघालो. माझ्या मते सगळा फरक एवढाच आहे.

या मालिकेतला शेवटचा प्रसंग शेजारच्या लातूरचा, पण त्याचे मूळ बीडमध्येच आहे. लातूर शहर ज्या मांजरा धरणाचे पाणी पिते ते धनेगावला, म्हणजे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात आहे. 2016 च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले. लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागू करावी लागली. हंडा घेतलेल्या बायकांसाठी जमावबंदी! मग रेल्वे धावून आली. तेल वाहणारे टाकीचे डबे राजस्थानात कोटा येथे धुऊन स्वच्छ केले आणि मिरजेला पाणी भरून गाडी निघाली. 12 एप्रिल 2016 रोजी पहाटे दहा डबे आणि पाच लाख लिटर पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून लातूरला पोचले. त्यापुढे पन्नास डब्यांची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. नाव मोठे गोड होते, ‘जलदूत’. स्टेशनवर उतरवलेले पाणी आधी जवळच्या एका मोठ्या विहिरीत सोडत, मग तिथून शुद्धीकरणाकडे नेत. विहिरीतून पाणी काढायचे असते असे आपण लहानपणापासून शिकलो. लातूरकरांनी विहिरीत पाणी ओतताना पाहिले.

हसण्यावारी नेऊ नका, त्या गाडीने शहर जगवले. उत्तरेत त्याच मे महिन्यात बुंदेलखंडासाठी अशीच गाडी झाशीला जाऊन उभी राहिली. ‘आम्हाला नको’ असे उत्तर प्रदेश सरकारने कळवले. राजकारण तापले. शेवटी डबे तपासले तर ते रिकामेच होते! त्या मानाने आमचा जलदूत शब्दाला जागला आणि ऑगस्टपर्यंत खेपा घालत राहिला.

मग परतीचा पाऊस आला. ज्या मांजरा धरणाच्या तळाला एप्रिलमध्ये भेगा पडल्या होत्या ते त्याच वर्षी पावसाळा सरता सरता काठोकाठ भरले, आणि जादा पाणी सोडून देण्यासाठी धनेगावला दरवाजे उघडावे लागले.